डावीकडे पडलेली गाडी

गाडीवरून मी आयुष्यात तीन वेळा पडलो. एकदा रस्त्यावर सांडलेल्या उसाच्या पाचटावरून घसरलो, एकदा म्हशीला चुकवताना, आणि एकदा चक्क शाळेच्या फाटकात, अख्ख्या शाळेच्या देखत. तिन्ही वेळा चूक कोणाची हे पडता पडताच कळलं होतं. उभी करून ठेवलेली गाडी पडते तेव्हा मात्र तसं होत नाही. तेव्हा आपण तिथे नसतो, घरात झोपलेले असतो. सकाळी खाली उतरावं तर गाडी आडवी, आणि मग मन आरोपी शोधायला निघतं.

२०२५ च्या जुलैतली गोष्ट आहे. रात्रभर पाऊस होता. साताऱ्याचा पाऊस म्हणजे एकदा धरला की धरला. सकाळी साडेसहाला दूध आणायला खाली आलो तर कंपाउंडच्या भिंतीकडेला माझी गाडी चिखलात डाव्या कुशीवर पडलेली. आधी वास आला. पेट्रोलचा. टाकीच्या झाकणातून आणि कार्ब्युरेटरच्या नळीतून थेंब थेंब गळून पाण्यावर त्याचे निळे-जांभळे तवंग पसरले होते.

गाडीविषयी थोडं सांगायला हवं. हीरो होंडा सीडी १००, काळी. ही गाडी आपल्याकडे १९८५ साली आली, मी घेतली १९९१ च्या दिवाळीत, शिक्षकांच्या पतपेढीचं कर्ज काढून. तोवर सायकल आणि एसटी. कोरेगाव तालुक्यातल्या एका गावी माझी शाळा होती, तिथे रोज जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर. पुढे २०१० साली त्या दोन कंपन्या विभक्त झाल्या, पण माझ्या टाकीवर अजून दोघींचा संसार एकत्र आहे. पंधरा वर्षं झाली की नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते. तशी चार वेळा करून झाली, पाचवी खेप २०२६ ची. चिरंजीव पुण्याहून दर वेळी फोनवर म्हणतात, "बाबा, आता पुरे." मी ऐकल्यासारखं करतो.

तर गाडी पडलेली. मी छत्री भिंतीला टेकवली आणि हँडलला धरून ओढलं. गाडी वीतभर उठली आणि परत बसली. दुसऱ्यांदा ओढलं तेव्हा कमरेत काहीतरी लक्कन हललं. शंभर किलोच्या थोडी वरची गाडी ती, बुलेट नव्हे. पन्नाशीत असताना अशीच पडलेली गाडी मी एका हातात पिशवी धरून उचलली होती. आता ती उठेना. मी इकडेतिकडे पाहिलं. खरं सांगायचं तर मदतीला कोणी आहे का हे पाहण्याआधी कोणी बघत तर नाही ना, हे पाहिलं.

त्याच वेळी जिन्यातून वरच्या मजल्यावरचा मुलगा उतरला. आठवीत आहे. पाठीवर दप्तर, पांढरा शर्ट, वर रेनकोट. आदल्या संध्याकाळी हाच मुलगा दोस्तांबरोबर पावसात फुटबॉल खेळत होता, आणि त्याच्या आदल्या दिवशी माझ्या गाडीवर बसून तोंडाने 'घर्रर्र' करताना मी त्याला हटकलंही होतं. आणखी काय हवं?

मी त्याला काय काय बोललो ते सगळं इथे लिहीत नाही. छत्तीस वर्षं वर्गात कमावलेला आवाज आहे, तो चार मजल्यांवर पोचला. खिडक्या उघडल्या. मुलगा म्हणाला, "आजोबा, मी नाही पाडली." मी म्हणालो, "खोटं बोलू नकोस. मी शिक्षक आहे, मला तोंडावरून कळतं."

हे वाक्य मी नोकरीत किती वेळा वापरलं असेल याची गणती नाही.

मुलगा गप्प झाला. मग त्याने दप्तर काढून जिन्यात ठेवलं, चिखलात उतरला आणि मागचं कॅरिअर धरलं. तेवढ्यात पेपर टाकणारा पोऱ्या आला, त्याने हँडल धरलं. दोघांनी गाडी उभी केली. उचलताना मुलगा म्हणाला, "आजोबा, स्टँड उघडंच आहे." मला वाटलं, गाडी कशी टेकवायची ते विचारतोय. "असू दे, त्याच्यावरच टेकव इकडे फरशीवर," असं मी म्हणालो. त्याच्या शर्टाची एक बाही रेनकोटातून बाहेर आलेली, ती कोपरापर्यंत चिखलाने माखली होती. तो घड्याळाकडे बघून पळाला. मी थँक्यूसुद्धा म्हणालो नाही. आरोपीला कोण म्हणतं?

आता नुकसान बघू. डाव्या बाजूला क्लचचा लिव्हर मधोमध मोडलेला. डावा आरसा तडकून चिखलात. डावा इंडिकेटर मान मोडून वायरीला लोंबतोय. पाय ठेवायचा फूटरेस्ट वर वळलेला, गिअरचा दांडा आत जाऊन इंजिनाच्या आवरणाला टेकलेला. टाकीला भिंतीच्या कोपऱ्याचा रुपयाएवढा पोचा. आणि साडीगार्ड, ते मागच्या चाकाकडेला असतं ना, आत दबलेलं. हे साडीगार्ड आता नुसतंच आहे म्हणा. आमची ही त्या बाजूला पाय सोडून बसायची, पण गुडघ्यांनी असहकार पुकारल्यापासून ती गाडीवर बसत नाही. रिक्षाने जाते आणि माझ्याआधी पोचते.

क्लच नाही म्हणजे चालवत नेणं आलंच नाही. मिस्त्रींचं गॅरेज आमच्या उताराच्या खाली, दोन-अडीचशे पावलांवर आहे. पाऊस उघडल्यावर ढकलत नेली. वाटेत दोनदा थांबलो. एकदा पानटपरीपाशी उगाच खिशातून फोन काढून बघितला, म्हणजे थांबायला कारण दिसावं.

मिस्त्री पंचेचाळीसचे असतील. त्यांचे वडील माझी गाडी बघायचे, आता हे बघतात. त्यांनी गाडी डबल स्टँडला घेतली, एका झटक्यात, हात पुसत पुसत. मी सगळी हकीकत सांगितली, मुलाच्या प्रतापासकट. ते खाली बसून बघत होते. मग म्हणाले, "सर, गाडी डावीकडं पडली होती का?"

"डावीकडेच. दिसतंय की."

"आणि स्टँड? उघडं होतं का मिटल्यालं?"

आता मला ते वाक्य आठवलं. आजोबा, स्टँड उघडंच आहे.

"मग पोरानं नाय पाडली ही," मिस्त्री म्हणाले.

त्यांनी जे समजावलं ते असं. साईड स्टँड डावीकडे असतं, गाडी त्याच्यावर डावीकडे रेललेली असते. पोरं गाडीवर चढतात ती डावीकडून. चढता-उतरताना धक्का लागला तर गाडी सरळ होऊन पलीकडे, उजवीकडे जाते. कोणी पुढे ढकलली, किंवा तोंड उताराकडे करून लावली आणि ती आपणहून पुढे सरकली, तर स्टँड मागे मिटतं आणि गाडी डावीकडे पडते. पण मग ते मिटलेलं सापडायला हवं. स्टँड पुरतं उघडं आणि तरी गाडी डावीकडे, याचा अर्थ बहुतेक वेळा एकच. स्टँड जमिनीत गेलं. त्यांनी बोटाने दाखवलं. स्टँडच्या टोकापासून चार बोटं वरपर्यंत चिखलाचं मोजे घातल्यासारखं आवरण होतं, आणि त्याच्या वर लोखंड स्वच्छ, पावसाने धुतलेलं.

मी इतिहास आणि मराठी शिकवलं. विज्ञानाच्या बाई शेजारच्या वर्गात दाब शिकवायच्या, ते भिंतीपलीकडून ऐकून ऐकून पाठ झालं होतं. तेच वजन लहान जागेवर टेकलं की दाब वाढतो. स्टँडचं टोक ते केवढं, जेमतेम दोन रुपयांच्या नाण्याएवढं. गाडीच्या वजनाचा काही हिस्सा त्या नाण्यावर. कोरड्या फरशीवर त्याला काही होत नाही. पण आमच्याकडे भिंतीकडेने मे महिन्यात पाण्याच्या पाइपसाठी चर खणला होता आणि मातीने नुसताच बुजवला होता. वरून ठीक दिसे. पाऊस लागला की आत सगळा शिरा. संध्याकाळी लावताना पाय रुतला नाही म्हणून मी समजलो जमीन घट्ट आहे. स्टँड रात्रभर मिलिमीटर मिलिमीटरने आत जात राहिलं असणार, आणि एका क्षणी तोल गेला.

"डबल स्टँडला का नाय लावली सर? पावसाळ्यात दोन पायांवर बरी असती."

"विसरलो," मी म्हणालो.

सकाळी एका मुलाला खोटं बोलू नकोस म्हणून सांगणारा मीच तो. मी विसरलो नव्हतो. गेली दोन वर्षं मी गाडी डबल स्टँडला लावतच नव्हतो, कारण ती लागत नव्हती. आधी दोन प्रयत्नांत लागायची, मग चार, मग एकदा प्रयत्न करताना गाडी माझ्यासकट पलीकडे कलली आणि मी घाबरून सोडून दिलं. त्यानंतर मी स्वतःला सांगत आलो की साईड स्टँड सोयीचं पडतं. घरीही तेच सांगितलं. हे सगळं त्या लोखंडाच्या दोन दांड्यांवर अवलंबून आहे हे चिरंजीवांना कळलं असतं तर गाडी त्याच रविवारी विकली गेली असती.

घरी येऊन आधी भिंतीपाशी गेलो. गाडी पडली होती तिथे मातीत एक लांबट खोबण होती, पाण्याने भरलेली. छत्रीचं टोक घालून पाहिलं, चार बोटं. नववीच्या वर्गाला मी दर वर्षी इतिहासाची साधने शिकवायचो. वि. का. राजवाड्यांचं नाव घेतल्याशिवाय तो तास व्हायचा नाही. वाई आमच्याच जिल्ह्यातलं. तिथे सापडलेल्या जुन्या कागदांतून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ साली आला, पुढे बावीस खंड झाले, हे मी अभिमानाने सांगायचो. अस्सल कागद आधी, मत नंतर. आणि इथे अस्सल साधन पायाशी पाण्याने भरलेलं, मुलगा ते तोंडाने सांगतोय, आणि मी तोंडावरून ओळखतोय!

हिला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "मग जा वर." एवढंच.

मी त्या दिवशी गेलो नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आधी गाडी नीट होऊन येऊ दे, मग जाऊ, असं ठरवलं. गाडीचा आणि जाण्याचा संबंध काय, हे विचारू नका.

दुरुस्तीला दोन दिवस लागले. ते बघायला मी गॅरेजमध्ये स्टूल टाकून बसत असे, पेन्शनरला दुसरं काम काय. क्लचचा लिव्हर अ‍ॅल्युमिनियमचा, मोडला तो मोडलाच. नुसता वाकला असता तरी मिस्त्रींनी सरळ केला नसता. थंडाच सरळ करायला गेलं तर तडा जातो, आणि तो तडा आज दिसत नाही, पुढे भर रहदारीत कळतो. नवा बसवला, स्प्लेंडरचाच. आरसा, इंडिकेटर नवे. फूटरेस्टची दांडी इंजिनाखालून आरपार जाते. ती चार नट काढून खाली घेतली, वेल्डिंगवाल्याकडे तापवून सरळ करून आणली. गिअरचा दांडाही काढून, शिकंज्यात धरून. गाडीवर तसाच ओढला तर आतल्या शाफ्टला मार बसतो म्हणे. हँडल वाकडं दिसत होतं, मला वाटलं गेलं. पण मिस्त्रींनी पुढचं चाक दोन गुडघ्यांत धरलं, वरचे बोल्ट सैल केले, आणि हँडलला एक हिसका दिला. हँडल सरळ! वाकलं नव्हतं, पडताना चिमट्यात फिरलं होतं. माझ्या डॉक्टरने मानेचं असं काही केलं तर किती बरं होईल.

कार्ब्युरेटर उघडून साफ केला, ऑइलची पातळी बघितली, मगच किक मारली. पडलेली गाडी उचलल्या उचलल्या किक मारू नये, असं त्यांनी मला बजावलं. पेट्रोलचा कॉक बंद करायचा, थोडा वेळ तशीच उभी ठेवायची. आणि उचलायची ती तोंडासमोर धरून ओढायची नाहीच. गाडीकडे पाठ करायची, सीटला कंबर लावून खाली बसायचं, एका हाताने हँडलची मूठ, दुसऱ्याने कॅरिअर धरायचं, आणि पायांनी मागे मागे रेटत जायचं. आधी गिअरमध्ये टाकायची म्हणजे चाक फिरत नाही. त्यांनी जुनी गाडी जमिनीवर आडवी घालून मला करून दाखवलं. मला म्हणाले, "बघा करून." मी म्हणालो, "नंतर." अशा वयात काही गोष्टी नंतरवर टाकलेल्या बऱ्या.

टाकीचा पोचा भरून रंग मारून देऊ का, असं विचारलं. खर्च ऐकला आणि पोचा तसाच ठेवला. साडीगार्ड त्यांनी विचारलंही नाही, रबरी हातोडीने चार ठोके घालून सरळ केलं. एकूण बिल ९४० रुपये.

आणि डबल स्टँड. शेवटी मीच म्हणालो, "मिस्त्री, त्या दिवशी विसरलो म्हणालो ते खरं नव्हतं. लागतच नाही ते मला." ते हसले नाहीत. खाली वाकून बघितलं, आणि म्हणाले, "सर, ह्याची पिन गंजलीय. मला सुदिक जड जातंय." (एका झटक्यात लावली होती तरी!) पिन काढली, घासली, ग्रीस भरलं, स्प्रिंग बदलली. मग मला शिकवलं. आधी स्टँड पायाने खाली घेऊन गाडी सरळ करायची आणि स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला लागले का ते बघायचं. आवाज येतो. मग हातांनी ओढायचं नाहीच, स्टँडच्या कानावर पाय ठेवून त्याच्यावर सगळं अंग टाकायचं, जिना चढल्यासारखं. हात फक्त दिशा देतात. चौतीस वर्षं मी ती हातांच्या जोरावर ओढत आलो होतो. हात होते तोवर चाललं.

पहिल्यांदा लागली नाही. दुसऱ्यांदा लागली.

त्या संध्याकाळी वर गेलो. बेल वाजवली. मुलाच्या आईने दार उघडलं, आत बोलावलं, पाणी दिलं. मी प्रस्तावना करून आलो होतो, म्हणजे पावसाचं, मातीचं, दाबाचं सगळं. ती सुरू केली आणि मध्येच सोडली. मुलगा टेबलाशी बसला होता, त्याला म्हणालो, "गाडी तू पाडली नव्हतीस. माझंच चुकलं. मी मातीत लावली होती. आणि सगळ्यांसमोर बोललो, तेही चुकलं."

मुलगा आईकडे बघायला लागला. आई म्हणाली, "जाऊ द्या सर." मग जरा थांबून, शांतपणे म्हणाली, "त्या दिवशी त्याला शाळेत पहिला तास बाहेर उभं केलं होतं. उशीर झाला आणि शर्ट मळका म्हणून."

मी मान खाली घातली. मळक्या शर्टासाठी मीही मुलांना बाहेर उभं केलं आहे. शर्ट कशाने मळला हे विचारल्याचं मला एकदाही आठवत नाही. एखादा कोणाची गाडी उचलून आला असेल, एखादा म्हशीचं शेण काढून. त्यातले कित्येक आता पन्नाशीचे असतील. त्यांच्या दारांवर कुठे बेल वाजवत जाणार?

मुलगा म्हणाला, "आजोबा, गाडी चालू झाली?"

"झाली."

"त्या दिवशी मी बसलो होतो पण तिच्यावर. संध्याकाळी. तुम्ही गेल्यावर." आई ओरडली, "अरे!" तो म्हणाला, "पण उतरलो तेव्हा उभी होती. मी बघितलं होतं मागे वळून."

मला हसू आलं, आणि त्याच्या आईलाही. चहा झाला. निघताना तो म्हणाला, त्याने सकाळी ते स्टँड रुतलेलं बघितलं होतं, म्हणूनच मला सांगितलं. मी म्हणालो, "मला ऐकू आलं होतं."

खाली आल्यावर ही म्हणाली, "किती वेळ लागला? मला वाटलं तास घेताय."

चिरंजीवांना अजून काही सांगितलेलं नाही. ही म्हणते, सांगा. २०२६ ची नोंदणी करायची की नाही तेही ठरवायचं आहे. डबल स्टँड दहातल्या सात-आठ वेळा लागतं. ज्या दिवशी लागत नाही त्या दिवसासाठी मी शहाबादी फरशीचा एक तळहाताएवढा तुकडा आणून ठेवला आहे. साईड स्टँडखाली तो सरकवायचा, हँडल डावीकडे वळवून ठेवायचं, तोंड चढाकडे, पहिल्या गिअरमध्ये. मिस्त्रींनीच सांगितलं सगळं. तुकड्याला भोक पाडून दोरी बांधली आहे, म्हणजे सकाळी वाकावं लागत नाही, दोरीने ओढून घेता येतो. काल तो सापडत नव्हता. वरच्या मुलाने घेतला असेल असं तोंडावर आलं होतं. कॅरिअरलाच लटकत होता.